उणा डाव आणि वरचढ डाव



वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात गणित सहसा येत नाही. आणि ते सांगायला कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहावा, हे तर त्याहून क्वचित घडते. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी आणि कारखान्याच्या गेटावर. तेव्हा आज मी जे मांडणार आहे त्यात बीजगणित नाही. दोन आकड्यांतला मोठा कोणता आणि लहान कोणता, एवढे ज्याला कळते त्याला आजचा विषय कळेल. समोर प्रतिस्पर्धी असताना माणसाने निर्णय कसा घ्यावा, हा विचार विसाव्या शतकात शास्त्र म्हणून कसा उभा राहिला, आणि "काय करू नये ते आधी ठरवा" हा त्या शास्त्राचा पहिला धडा कुठवर खरा ठरला, हे आपण पाहणार आहोत.

या शास्त्राला इंग्रजीत गेम थिअरी म्हणतात. आपण खेळसिद्धांत म्हणू. नाव ऐकून पत्ते आणि सोंगट्या आठवतात, आणि ते चुकीचेही नाही, कारण याचा आरंभ खरोखरच खेळांच्या अभ्यासातून झाला. परंतु इथे 'खेळ' म्हणजे अशी कोणतीही परिस्थिती, की जिथे माझे बरेवाईट माझ्या एकट्याच्या वागण्यावर ठरत नाही. दुसरा काय करतो यावरही ठरते. सकाळी छत्री न्यावी की नाही हा खेळ नव्हे, कारण पाऊस माझा विचार करून पडत नाही. पण बाजारात समोरासमोर बसलेल्या दोन भाजीवाल्या वांग्याचा भाव ठरवतात, तेव्हा तो खेळ असतो. एकीचे डोळे दुसरीच्या टोपलीवर असतात.

अशा खेळात प्रत्येकापुढे दोन-चार मार्ग असतात. त्यांना डाव म्हणू. समजा, माझ्यापुढे दोन डाव आहेत, आणि समोरचा काहीही करो, पहिल्या डावात मला दुसऱ्यापेक्षा जास्तच मिळते. मग पहिला डाव वरचढ आणि दुसरा उणा. उणा डाव टाकून द्यावा. यासाठी समोरच्याच्या मनात शिरावे लागत नाही. तो मूर्ख असो की धूर्त, उणा तो उणाच. इथपर्यंतचा विचार आपल्या आज्यांनाही ठाऊक होता. खरी गंमत पुढेच आहे. समोरचाही विचारी असेल तर तोही आपला उणा डाव टाकणार. तो टाकणार हे मला दिसते, म्हणून तो डाव मी माझ्या हिशेबातून पुसतो. पुसल्यावर जे उरते ते पुन्हा तपासतो, तेव्हा माझा एखादा डाव, जो आधी उणा नव्हता, तो आता उणा ठरतो. तो मी टाकतो. हे समोरच्याला दिसते, आणि त्याच्या बाजूने पुन्हा एक पदर सुटतो. कांदा सोलावा तसे करीत गेल्यावर दोन्ही बाजूंना एकेकच डाव उरला, तर तो खेळ सुटला असे गणिती म्हणतात.

ही कल्पना एका माणसाची नव्हे. १९१३ साली झेर्मेलो या जर्मन गणित्याने बुद्धिबळावर एक निबंध लिहिला. बुद्धिबळात पांढऱ्याला हमखास जिंकता तरी येते, किंवा काळ्याला तरी, किंवा दोघांनाही निदान बरोबरी तरी हमखास साधता येते, असे त्यात होते. यातले खरे कोणते, हे मात्र आजतागायत कोणी सिद्ध केलेले नाही. नंतर १९२१ मध्ये एमिल बोरेल या फ्रेंच गणित्याने दोघांच्या खेळांविषयी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. वाईट खेळी आधी बाजूला काढाव्यात, आणि त्या काढल्यावर उरलेल्यांत ज्या वाईट ठरतील त्याही काढाव्यात, ही रीत त्यात आढळते. वाईट कोणती, याची त्याची व्याख्या आजच्यापेक्षा थोडी निराळी होती. परंतु पदर सोलण्याची युक्ती तीच. हे बोरेल नुसते पोथीपंडित नव्हते. १९२५ साली ते फ्रान्सचे नौकाखात्याचे मंत्री होते.

या विचाराला भक्कम पाया घातला तो बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी. वयाच्या पंचविशीत, १९२८ साली, त्यांनी एक प्रमेय सिद्ध केले. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळात, प्रत्येकाने वाईटात वाईट काय होईल याचा विचार करून त्यातल्या त्यात चांगले निवडले, तर दोघांचे हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असे त्याचे सार आहे. पुढे युरोपात नाझी राजवटीचे सावट पसरले आणि पुष्कळ विद्वान अमेरिकेत गेले. त्यांत व्हिएन्नाचे अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न होते. प्रिन्स्टन येथे या दोघांनी मिळून सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच प्रिन्स्टनच्या जॉन नॅश या तरुणाने १९५० आणि १९५१ मध्ये ज्यात दोघांचेही भले किंवा दोघांचेही वाईट होऊ शकते अशा खेळांपर्यंत हा विचार नेला. उणे डाव काढून खेळ लहान कसा करावा, याचे उदाहरण त्याच्या १९५१ च्या निबंधात आहे. त्याला १९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक खरी घटना घेऊ. पाठ्यपुस्तकांत ती इतक्यांदा आली आहे की खेळसिद्धांताची ती कहाणीच होऊन बसली.

साल १९४३, महिना फेब्रुवारी. पॅसिफिक महासागरात जपान आणि दोस्त राष्ट्रांचे युद्ध ऐन भरात होते. ग्वादलकनाल बेट जपानला नुकतेच सोडावे लागले होते. न्यू गिनीच्या किनाऱ्यावरचे लाए हे ठाणे तरी राखावे, म्हणून न्यू ब्रिटन बेटावरच्या राबौल बंदरातून तिकडे कुमक पाठवायचे जपानने ठरवले. आठ वाहतूक जहाजे, त्यांच्या रक्षणाला आठ विनाशिका, आणि वर सुमारे ६,९०० सैनिक. राबौलहून लाएला जायला दोन वाटा होत्या. एक न्यू ब्रिटनच्या उत्तरेकडून, दुसरी दक्षिणेकडून. दोन्हींना सुमारे तीन दिवस लागत. उत्तरेला पाऊस आणि ढग यांचा अंदाज होता, दक्षिणेला आकाश मोकळे राहील असे दिसत होते.

पलीकडे दोस्तांच्या विमानदलाचे प्रमुख होते जनरल जॉर्ज केनी. टेहळणीची विमाने मोजकी असल्यामुळे त्यांतली बहुतेक एकाच वाटेवर लावणे भाग होते. कोणत्या वाटेवर लावावीत? ताफा दिसला की बाँबफेक सुरू. म्हणून किती दिवस बाँबफेक करता येईल, हाच हिशेबाचा आकडा.

फळ्यावर चार घरे काढा. केनींनी उत्तरेला शोध घेतला आणि ताफाही उत्तरेने गेला, तर ढगांमुळे थोडा वेळ वाया जाऊन दोन दिवस मिळतील. शोध उत्तरेला आणि ताफा दक्षिणेला, तर ताफा उशिरा सापडेल, पण आकाश मोकळे, म्हणून याही घरात दोन. शोध दक्षिणेला आणि ताफा उत्तरेला, तर फक्त एक. शोध दक्षिणेला आणि ताफाही दक्षिणेला, तर पुरते तीन.

आधी केनींच्या बाजूने पाहा. ताफा उत्तरेने जाणार असेल तर उत्तरेला शोध घेणे बरे, दोनाला एक. दक्षिणेने जाणार असेल तर दक्षिणेला शोध घेणे बरे, तिनाला दोन. म्हणजे केनींपाशी टाकण्याजोगा उणा डाव नाही. आता जपानच्या बाजूने पाहा. त्यांना दिवस कमी हवेत. शोध उत्तरेला असेल तर दोन्ही वाटांनी दोनच दिवसांचा मार. शोध दक्षिणेला असेल तर उत्तरेच्या वाटेने एक दिवस, दक्षिणेच्या वाटेने तीन. म्हणजे दक्षिणेची वाट कधीच सरस नाही; एका घरी बरोबरीची आणि दुसऱ्या घरी पुष्कळ वाईट. ती उणी. जपान ती टाकणार. ती पुसून टाकल्यावर केनींपुढे फक्त दोन घरे उरतात : उत्तरेला शोध घेतला तर दोन दिवस, दक्षिणेला घेतला तर एक. आता त्यांचा दक्षिणेचा डाव उणा झाला. तोही गेला. खेळ सुटला : दोघेही उत्तरेला.

आणि घडले तसेच. ताफा २८ फेब्रुवारीला राबौलहून निघाला आणि उत्तरेच्या वाटेने गेला. १ मार्चला तो दिसला, हवेत पुन्हा हरवला, २ मार्चला पुन्हा सापडला आणि मार सुरू झाला. ३ मार्चला अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन विमाने अगदी पाण्यालगत येऊन तुटून पडली. पाण्यावर चापट दगड उडवावा तसे बाँब जहाजांच्या कुशीवर फेकण्यात आले. आठही वाहतूक जहाजे बुडाली, चार विनाशिका बुडाल्या. लाएला पोचले सुमारे १,२०० सैनिक. सुमारे २,७०० जणांना वाचवून राबौलला परत नेण्यात आले. उरलेले, तीन हजारांच्या आसपास माणसे, समुद्रात गेली. पाण्यात तरंगणाऱ्यांवर आणि बचावाच्या होड्यांवरही पुढे गोळ्या चालवल्या गेल्या. फळ्यावर आपण जो "दोन" आकडा लिहिला त्याचा हा अर्थ होता. तक्ता मांडणाऱ्याने तो अर्थ नजरेआड करू नये, म्हणून मुद्दाम सांगतो.

ही लढाई तक्त्यात बसवली ती अमेरिकन वायुदलातील कर्नल ओ. जी. हेवूड यांनी, १९५४ च्या एका लेखात.  सेनापतीने शत्रूच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू नये, शत्रूला काय करता येण्यासारखे आहे ते पाहावे, अशी अमेरिकन लष्कराची शिकवण होती. ती आणि फॉन नॉयमन यांचा सिद्धांत एकच गोष्ट सांगतात, हे हेवूडना दाखवायचे होते. मला या लेखातले सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. जपानचा पाडाव झाला तरी जपानची निवड चुकली नव्हती. समोर मांडलेल्या घरांत त्यांनी घेतली तीच वाट शहाणपणाची होती. खेळच त्यांना प्रतिकूल होता. संप फसला, मोर्चा फसला, की दुसऱ्या दिवशी "कोणाचे डोके फिरले होते" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी नेहमी सांगतो : निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होता असे ठरत नाही. त्या वेळी पुढ्यात कोणती घरे होती, ते आधी काढून दाखवा.

आता या कहाणीची दुसरी बाजू. दोस्त राष्ट्रांचे तज्ज्ञ जपानी सांकेतिक संदेश उलगडत होते. ताफा लाएला जाणार आहे आणि मार्चच्या आरंभी पोचणार आहे, हे केनींना आधी कळले होते. ही संदेशफोडीची बाब युद्धानंतर बरीच वर्षे गुप्त राहिली. हेवूडच्या १९५४ च्या लेखात तिचा मागमूस नाही. म्हणजे केनींनी जे केले ते नुसत्या तर्काने नव्हे, त्यांच्या हाती खबरही होती. तर्क त्याने खोटा ठरत नाही. पण पाठ्यपुस्तकात वाटते तितका तो एकटा नव्हता. इतिहासाचा विद्यार्थी आणि गणिताचा विद्यार्थी एकाच बाकावर बसले पाहिजेत, ते यासाठी.

हेवूडच्या लेखात दुसरीही एक लढाई आहे, आणि तिची आठवण लोक कमी काढतात. ऑगस्ट १९४४, फ्रान्समधील आव्रांश. तिथल्या चिंचोळ्या फटीतून अमेरिकन फौजा पुढे घुसल्या होत्या. जर्मन सेनापती फॉन क्लूगे यांच्यापुढे दोन मार्ग होते : फटीवर हल्ला करणे किंवा माघार घेणे. अमेरिकन सेनापती ब्रॅडली यांच्यापाशी राखीव सैन्य होते. ते फट राखायला लावावे, पूर्वेकडे शत्रूच्या पाठीवर धाडावे, की एक दिवस जागीच थांबवून रंग पाहावा? तक्ता मांडला तर फट राखायला सैन्य लावणे, हा डाव उणा ठरतो. जागीच थांबणे दोन्ही परिस्थितींत त्याहून बरे. तो टाकला. पण पुढे सोलणे थांबते! शत्रू हल्ला करणार असेल तर थांबणे बरे, माघार घेणार असेल तर धाडणे बरे; आणि शत्रूपाशीही आता उणा डाव उरत नाही. खेळ सुटत नाही. ब्रॅडली थांबले. फॉन क्लूगे यांचा कल माघारीकडे होता, परंतु हुकूम हिटलरचा आला : हल्ला करा. ७ ऑगस्टचा तो हल्ला फसला, फौज वेढ्यात सापडली आणि १९ ऑगस्टला फॉन क्लूगे यांनी विष घेतले. उणे डाव टाकण्याची रीत सगळे कोडे सोडवीलच असे नाही. ती पसारा आवरते, एवढे तिचे काम.

तिची दुसरी मर्यादा इथेच, या मांडवात दाखवता येईल. तुम्ही प्रत्येकाने शून्य ते शंभर यांमधला एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा. सर्व आकड्यांची सरासरी काढू. त्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ ज्याचा आकडा, तो जिंकला. आता विचार करा. सर्वांनी शंभर लिहिले तरी दोन-तृतीयांश सदुसष्टाच्या आतच येणार. म्हणून सदुसष्टाच्या वरचे सगळे आकडे उणे. ते कोणी लिहिणार नाही, असे धरले की चव्वेचाळिसाच्या वरचे उणे. मग तिसाच्या वरचे, मग विसाच्या, आणि असे करीत शेवटी शून्य उरते. तर्क निर्दोष आहे. पण २००५ साली डेन्मार्कच्या 'पोलिटिकेन' वर्तमानपत्राने हा खेळ वाचकांत लावला, तेव्हा सुमारे १९ हजार लोकांनी भाग घेतला आणि जिंकणारा आकडा निघाला २१.६. शून्य लिहिणारे पंडित हरले.

असे का व्हावे? पहिला पदर सोलायला फक्त मी विचारी असणे पुरते. दुसऱ्याला समोरचा विचारी आहे, ही माझी खात्री लागते. तिसऱ्याला, मी विचारी आहे याची समोरच्याला खात्री आहे, ही माझी खात्री लागते. प्रत्येक पदरामागे विश्वासाचा एकेक मजला चढत जातो, आणि माणसांच्या व्यवहारात दोन-तीन मजल्यांवर इमारत डुलू लागते. वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मालक एवढा विचार करीलच, आणि आपण एवढा विचार केला आहे हे त्याला कळेलच, असे धरून आखलेला बेत बहुधा पहिल्याच बैठकीत कोसळतो.

येथवर शत्रू-शत्रूंचे खेळ झाले. आता मी ज्या कारणासाठी हा विषय निवडला, तिकडे येतो.

१९५० च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे, रँड नावाच्या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक साधा खेळ तयार केला. त्याच वर्षी प्रिन्स्टनचे प्राध्यापक ॲल्बर्ट टकर यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे व्याख्यान देताना त्याला एक गोष्ट जोडली, आणि "कैद्यांचा पेच" हे नाव रूढ झाले. दोन साथीदार पकडले गेले आहेत, वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. आकडे मी सोयीसाठी घेतो. दोघेही गप्प राहिले तर एकेक वर्ष. एकाने कबुली दिली, दुसरा गप्प, तर कबुली देणारा सुटला आणि गप्प राहणाऱ्याला दहा वर्षे. दोघांनीही कबुली दिली तर पाच-पाच. आता एकाच्या डोक्यात शिरा. साथीदार गप्प असेल तर कबुली दिल्याने एक वर्षाऐवजी सुटका. साथीदार फुटला असेल तर कबुली दिल्याने दहाऐवजी पाच. म्हणजे गप्प राहणे हा उणा डाव, कसाही पाहा. दुसराही हेच म्हणतो. दोघेही उणा डाव टाकतात आणि दोघेही पाच वर्षे खडी फोडतात. दोघांनीही तो 'उणा' डाव धरला असता तर एका वर्षात घरी आले असते.

श्रोतेहो, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कैदी दिसले नाहीत, हमीपत्र दिसले. आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, टाळेबंदी झाली होती. काही दिवसांनी प्रत्येक कामगाराच्या घरी वेगवेगळे पत्र गेले. "संघटनेच्या कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही" असे लिहून द्या आणि उद्यापासून कामावर या, अशी त्यातली अट. पत्र एकेकाच्या घरी गेले, गेटावर चिकटवले नाही, याकडे लक्ष द्या. कोठड्या वेगळ्या केल्या होत्या. आता कामगाराच्या घरातला हिशेब करा. बाकीचे टिकले तर सही करणाऱ्याला आजचा पगार मिळतो, आणि उद्या जी पगारवाढ होईल तीही मिळतेच. बाकीचे फुटले तर सही न करणारा बाहेर, सही करणारा आत. दोन्ही घरांत सही सरस. सही न करणे हा उणा डाव. आणि सर्वांनी सही केली की पुढची दहा वर्षे मालक म्हणेल तोच पगार.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले. संघटनेने मिळवलेले फळ सर्वांनाच मिळत असेल, तर एकेकट्याच्या हिशेबाने वर्गणी कोणी का द्यावी? म्हणून मोठ्या संघटना नुसत्या समान हितावर उभ्या राहत नाहीत. सभासदत्वाची सक्ती, किंवा सभासदालाच मिळेल असा काही लाभ, यांचा टेकू लागतो, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळ कामगार कार्यकर्त्यांना हे पुस्तक आवडत नाही. मला ते उपयोगी वाटते. कामगार फुटतो तो नीच असतो म्हणून नव्हे, तक्ताच तसा मांडलेला असतो म्हणून, हे त्यातून कळते. फुटलेल्याला शिव्या देऊन तक्ता बदलत नाही.

मग आम्ही काय केले? गणिताशी भांडलो नाही. घरांतले आकडे बदलले. पहिले म्हणजे धान्य. शेजारच्या कारखान्यांतून वर्गणी गोळा करून दर आठवड्याला गहू-तांदूळ घरोघर पोचवला. त्यामुळे बाहेर राहण्याची किंमत उतरली. दुसरे म्हणजे कोठड्यांच्या भिंती पाडल्या. आलेली पत्रे सर्वांनी गेटसभेत आणून, सहीवाचून, एका पेटीत टाकली. कोणी टाकले हे प्रत्येकाने पाहिले. आता "बाकीचे काय करतील" हा अंदाज उरला नाही. तिसरे आम्हाला करावे लागले नाही, ते होतेच. ही माणसे एकाच आळीत राहत होती, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत जेवायला जाणार होती. चौघांनी पहिल्याच आठवड्यात सही केली. बाकीचे टिकले. कुलूप उघडले तेव्हा मिळालेली वाढ मागितलेल्यापेक्षा कमी होती, पण हमीपत्राची अट गेली.

तिसऱ्या गोष्टीला पुढे शास्त्राचाही दुजोरा मिळाला. रँडमधल्या त्या पहिल्याच प्रयोगात दोन विद्वानांनी हा खेळ सलग शंभर वेळा खेळला. तर्काप्रमाणे दोघांनी सतत एकमेकांना दगा द्यायला हवा होता. प्रत्यक्षात शंभरांपैकी साठ वेळा दोघांनीही सहकार्य केले. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांवर या खेळाच्या स्पर्धा भरवल्या. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला अगदी साधा नियम : पहिल्यांदा सहकार्य करा, नंतर समोरच्याने मागच्या खेपेला जे केले तेच करा. एकदाच भेटणाऱ्यांत जो डाव उणा, तो रोज भेटणाऱ्यांत उणा राहत नाही. उद्या पुन्हा तोंड पाहायचे आहे, हा आकडाही घरात धरावा लागतो.

शेवटची एक गोष्ट कामगार कार्यकर्त्यांसाठी. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आपसातल्या एकजुटीपुरते बोलायचे तर त्यांनी कैद्यांचा पेच महिनोन् महिने मोडून दाखवला. जगात अशी उदाहरणे थोडी. तरीही हार झाली. कारण त्यांच्या पलीकडे दुसरा खेळ चालू होता, मालकांशी. बंद गिरणी म्हणजे मालकाचे नुकसान, म्हणून गिरणी बंद ठेवणे हा मालकाचा उणा डाव, असे कोणालाही वाटावे. पण अनेक गिरण्यांत न खपलेला माल पडून होता, यंत्रे जुनी झाली होती, कापड यंत्रमागांवर विणून घेता येत होते, आणि पायाखालच्या जमिनीचा भाव चढत होता. अशा मालकाच्या तक्त्यात बंद गिरणी हा उणा डाव नव्हताच. समोरच्याचा डाव पुसण्याआधी त्याची घरे त्याच्या डोळ्यांनी भरावी लागतात. त्यासाठी नुसता तर्क पुरत नाही. ताळेबंद वाचावा लागतो, गोदामात किती गासड्या आहेत ते मोजावे लागते, सातबारा पाहावा लागतो. केनींपाशीही तर्काबरोबर खबर होती, हे विसरू नका.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. कोणत्याही लढ्याच्या आदल्या रात्री एक कागद घ्या आणि त्यावर घरे काढा. आपला उणा डाव कोणता ते पाहा आणि टाका. समोरच्याचा कोणता ते, पुरावा असेल तरच, पुसा. आणि जिथे एकेकट्याच्या हिशेबाने सर्वांचेच नुकसान होत आहे असे दिसेल, तिथे घरातले आकडे कोणी लिहिले आणि ते बदलता येतात का, हा प्रश्न विचारा.